बेकरीतली नाकाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. उंचीने तुमच्या बोटाएवढी, अंगाने पांढरी, आणि डोक्यावर एक निमुळती चोच. माझे झाकण पूर्वी निळेशार होते. पिठाचे हात लागून लागून ते आता फिकट पडले आहे. माझ्या पोटात चोंदलेले नाक मोकळे करणारे औषध असते. सर्दी झाली की माणसे माझी चोच नाकपुडीत धरतात आणि मला दाबतात. एवढेच माझे काम. तुम्ही हसलात ना? हसा, खुशाल हसा. जिचा सगळा संसारच लोकांच्या नाकात, तिला हसण्याचा राग येऊन कसे चालेल?

पण माझी गोष्ट मात्र ऐका. ती माझ्या एकटीची नाही. एका बेकरीवाल्या ताईची आणि तिच्या वडिलांची आहे, आणि त्या दोघांवर माझा फार जीव आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे इतकी स्वच्छता होती की माणसांनाही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे चढवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. एका यंत्राने माझ्या पोटात औषध भरले, दुसऱ्याने चोच बसवली, तिसऱ्याने झाकण फिरवले. शेवटी एका बाईंनी मला उजेडासमोर धरून निरखले. सासरी निघालेल्या लेकीकडे बघावे तसे बघितले आणि पुढे सरकवले. मग मला खोक्यात घातले आणि माझ्या कमरेशी एक घडी केलेला कागद खोचला. मला कसे वापरावे, किती दिवस वापरावे, कुणी वापरू नये, हे सारे त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेले होते. बिचारा माझा सोबती! त्याच्या नशिबी काय आले ते पुढे सांगते.

तिथून मी एका औषधांच्या दुकानात आले. दुकान औषधवाल्या काकूंचे होते. काकू चष्मा कपाळावर ठेवून दुकानभर चष्मा शोधत फिरायच्या, पण कोणते औषध कुणाला चालते आणि कुणाला चालत नाही, हे त्यांना कधी शोधावे लागत नसे. मी खोकल्याच्या चिकट औषधाशेजारी बरेच दिवस बसून होते. येणारे-जाणारे माझ्यावरून नजर फिरवून जात. मला वाटे, आपलीही कुणाला गरज पडावी.

आणि एके सकाळी ती आली. ॲप्रनवर पीठ, भुवयांवर पीठ, आणि नाक टोमॅटोसारखे लाल.

"काकू, काहीतरी द्या हो लवकर. नाक पार बंद झालंय. वास येत नाही, पाव कसा कळणार मला?"

मित्रांनो, हे बोलणे तुम्हाला विचित्र वाटेल, म्हणून सांगते. ताईच्या बेकरीत विटांची जुनी भट्टी होती. तिला ना काटा, ना घंटी. पाव झाला की नाही हे भट्टीतून येणाऱ्या वासावरून ओळखायचे, अशी त्या बेकरीची रीत होती. आधी ओलसर पिठाचा वास येतो, मग गोडसर, मग भाजक्या दाण्यांसारखा. तो भाजका वास आला की लांब दांड्याचे लाकडी फावडे आत घालून पाव बाहेर ओढायचे. जरा उशीर झाला की पाव करपलाच म्हणून समजा. ही विद्या ताईला तिच्या वडिलांनी शिकवली होती. म्हणजे नाक हे तिचे हत्यारच होते.

काकूंनी मला फळीवरून काढले आणि ताईच्या हातात देण्याआधी घट्ट धरून ठेवले.

"तीनच दिवस हं. त्याच्या पुढे नाही. आधी नाक हलकेच शिंकरायचं, मान थोडी पुढे, आणि चोच नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला. जोरात ओढायचं नाही. आणि एकाची बाटली दुसऱ्याला द्यायची नाही. कळलं का?"

"हो हो, कळलं. भट्टीत पाव आहे काकू!" असे म्हणत ताई मला मुठीत घेऊन पळालीसुद्धा.

बेकरीत माझे स्वागत काय थाटात झाले! मिठाच्या बरणीशेजारी मला खास जागा मिळाली. त्या फळीवरून सगळी बेकरी दिसे. समोर भट्टी, तिच्या बाजूला पीठ मळायचे लाकडी टेबल, आणि भट्टीच्या उबेला एक वेताची खुर्ची. त्या खुर्चीत ताईचे वडील, म्हणजे आपले आजोबा, बसायचे. म्हातारपणी त्यांची नजर गेली होती. ती गेली तेव्हा त्यांनी फावडे ताईच्या हातात दिले आणि म्हणाले होते, "आजपासून भट्टी तुझी. मी मध्ये नाक खुपसणार नाही. वचन!" पण बसायचे मात्र भट्टीशेजारीच. पाव बाहेर निघाला की त्यांच्या चेहऱ्यावर असे समाधान पसरे की बघणाऱ्याचे पोट भरावे.

ताईने मला पहिल्यांदा वापरले तेव्हा काकूंनी सांगितले होते अगदी तसेच वापरले. नाक चोंदते म्हणजे आतल्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि वाट अडवतात. माझे औषध त्यांना आवळून घेते. थोड्याच वेळात ताईने मोठा श्वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आहाहा! आला वास! बाबा, ही बाटली म्हणजे जादू आहे जादू!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझे कौतुक केले होते. मी फुलून गेले. मिठाच्या बरणीने मात्र नाक मुरडले. तिला तेवढेच येते.

माझ्या सोबत्याचे, त्या कागदाचे काय झाले म्हणाल, तर त्याच दिवशी तराजू डुगडुगत होता. ताईने कागदाची आणखी एक घडी घातली आणि तराजूच्या पायाखाली सारली. तराजू टेकला आणि कागद गप्प झाला.

तीन दिवसांत ताईची सर्दी ओसरली. माझे काम संपले होते. मला झाकण लावून बाजूला ठेवायची वेळ झाली होती. पण चौथ्या दिवशी सकाळी नाक पुन्हा किंचित जड वाटले. ताईचा हात फळीकडे आला. "थोडंसंच घेते," ती स्वतःशीच म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडेसेच. मग सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि झोपायच्या आधी एकदा.

आता त्या बेकरीची आणखी एक रीत ऐका. टेबलाखाली एक मातीची बुटकी बरणी होती. तिच्यात खमीर असे. त्याच खमिराने पाव फुगायचा. आजोबांच्या आईच्या हातचे ते खमीर, अजून जिवंत. रोज त्याला मूठभर पीठ आणि थोडे पाणी घालायचे, आणि बरणीचा तळ कधी दिसू द्यायचा नाही. संपायच्या आधीच भर घालायची. लहानपणापासून हे करत आलेल्या ताईच्या हाताला ती सवयच लागली होती. मीठ अर्धे झाले की नवे, साखर अर्धी झाली की नवी. आणि मी अर्धी झाले, तेव्हा माझ्या शेजारी दुसरी बाटली येऊन बसली. मग तिसरी आली. एक ॲप्रनच्या खिशात, एक उशीपाशी, आणि मी फळीवर.

दुसरी बाटली घ्यायला ताई काकूंकडेच गेली होती. काकूंनी सहज विचारले, "अजून गेली नाही का गं सर्दी?" ताईला उगाचच ओशाळल्यासारखे झाले. त्यानंतरच्या बाटल्या तिने बस थांब्याजवळच्या दुकानातून आणल्या. तिथे कुणी काही विचारत नसे.

मला सुरुवातीला बरेच वाटले, खोटे कशाला बोलू? सारखे कुणीतरी हाक मारते, सारखे कुणाला तरी आपण हवेसे वाटतो, हे कुणाला आवडत नाही? पण हळूहळू मला नाकाच्या आतली अवस्था कळू लागली. माझा असर उतरला की त्या रक्तवाहिन्या पुन्हा फुगत, आणि पहिल्यापेक्षा जास्त फुगत. मग ताई पुन्हा मला दाबे. आता नाक सर्दीने चोंदत नव्हते, मित्रांनो. ते माझ्यामुळे चोंदत होते. आणि हे सांगायला मला चोच आहे, पण तोंड नाही.

एके सकाळी आजोबा खुर्चीत जरा पुढे झुकले.

"बाळ, पाव करपतोय का गं?"

ताईने थांबून वास घेतला. तिला काहीच जाणवले नाही. "नाही हो बाबा, छान चाललंय."

ती खोटे बोलत नव्हती. तिला खरेच काही जाणवले नव्हते. वास येईनासा झाला तो एका दिवसात नाही. रोज थोडा थोडा कमी होत गेला, आणि तो गेल्याचे तिच्या लक्षातच आले नाही. पाव बाहेर आला तेव्हा वरून थोडा काळसर होता. "खरपूस झालाय," ताई म्हणाली. खालून तो चांगलाच करपला होता, पण खालून कोण बघतो?

गिऱ्हाईक बघते. कुणी नेलेला पाव परत आणला, कुणी काही न बोलता येणेच बंद केले. ताईच्या नाकी नऊ आले. तिला वाटले, भट्टीच्या विटा जुन्या झाल्या, लाकडे ओली आली, पीठच बरोबर नाही. तिने सगळ्यांना दोष दिला. माझ्याकडे मात्र ती मायेनेच बघायची.

आजोबांनी आणखी एकदा विचारले. पुन्हा तेच उत्तर मिळाले. त्यानंतर त्यांनी विचारले नाही. काही दिवसांनी ते म्हणाले, "माझी खुर्ची जरा मागच्या खोलीत ठेव बाळ. इथे उकडतं." इतकी वर्षे भट्टीच्या उबेला बसलेल्या माणसाला अचानक उकडायला लागले! ताईने खुर्ची नेऊन ठेवली. भट्टीशेजारची ती मोकळी जागा बघून मला फार वाईट वाटायचे.

मग तो दिवस आला. ताईने पाव भट्टीत सारला होता. मागच्या खोलीतून काठी टेकत आजोबा आले आणि टेबलाला धरून उभे राहिले.

"बाळ, ते तुझं नाकाचं औषध आहे ना, ते मलाही दे थोडं."

"का हो बाबा? सर्दी झाली?"

"सर्दी नाही गं. नाक बिघडलंय माझं. मला रोज करपल्याचा वास येतो आणि तू म्हणतेस पाव छान आहे. म्हणजे माझंच चुकतंय." ते थोडे हसले, पण ते हसू काही खरे नव्हते. "डोळे गेले तेव्हा मी मनाला समजावलं. म्हटलं, नाक आहे ना. नाकाने सगळं दिसतं मला. तू आलीस, पाऊस आला, पाव झाला, सगळं कळतं. आता तेही गेलं तर मी काय करू, सांग?"

ताईचे डोळे भरून आले. तिने पटकन फळीवरून मला उचलले. झाकण काढले, चोच ॲप्रनला पुसली. "असं नका म्हणू बाबा. याने लगेच बरं वाटेल." एका हाताने तिने त्यांची मान हलकेच पुढे केली. इतक्या मायेने तिने मला यापूर्वी कधीच धरले नव्हते.

माझी चोच आजोबांच्या नाकाशी आली आणि मला त्यांचा श्वास लागला. मोकळा, सरळ, ऊबदार श्वास! तिथे काहीही चोंदलेले नव्हते. त्या नाकाला माझी मुळीच गरज नव्हती. आणि आजोबा तर रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेत. माझ्या कागदावर अशा माणसांसाठी वेगळी सूचना होती, पण कागद होता तराजूखाली. मला ओरडावेसे वाटले. ताईचे बोट माझ्यावर टेकलेही होते.

इतक्यात दाराची घंटी वाजली.

"अगं, काय जळतंय? रस्त्यापर्यंत वास येतोय!" औषधवाल्या काकू पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांची नजर आमच्यावर गेली आणि पिशवी तिथेच पडली. "थांब! थांब! त्यांना नको देऊस ते!"

ताईचा हात जागच्या जागी थबकला.

"त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडूनच येतात ना? मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध त्यांना अजिबात द्यायचं नाही. रक्तदाब वाढू शकतो, बाई!"

ताई पांढरीफटक पडली. आजोबांनी मात्र भलत्याच गोष्टीला कान दिला होता. "काकू, तुम्ही काय म्हणालात? करपलंय?"

"करपलंय? कोळसा झालाय आजोबा!"

"म्हणजे मला येतो तो वास खरा आहे?"

"खरा म्हणजे काय, माझे डोळे चुरचुरतायत!"

आणि आजोबा लहान मुलासारखे हसायला लागले. भट्टीतून धूर येत होता, सगळा घाणा वाया गेला होता, आणि हे आपले टेबलावर हात आपटत म्हणत होते, "शाबूत आहे! माझं नाक शाबूत आहे!"

ताईने फावड्याने पाव बाहेर ओढला. काळाठिक्कर पाव. तिने तो फडक्यात धरला आणि नाकाजवळ नेला. पुन्हा नेला. मग ती खाली बसली.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "मला काहीच वास येत नाहीये."

आजोबांचे हसू थांबले. त्यांनी चाचपडत तिचे डोके शोधले आणि त्यावर हात ठेवला.

काकूंनी आधी खिडकी उघडली. मग ताईच्या ॲप्रनच्या खिशातली बाटली काढली, आणि टेबलावरून मलाही उचलले. "किती दिवस चाललंय हे?"

"मोजलेच नाहीत. तुम्ही तीन दिवस म्हणाला होतात. पुन्हा तुमच्याकडे यायची लाज वाटली मला."

"वेडी आहेस का? मी विचारलं ते रागावून नव्हतं गं." काकू तिच्याशेजारी पिठाच्या पोत्यावर टेकल्या. "सर्दी कधीच गेली असणार. आता हे औषधच नाक बंद करतंय. तू जितकं घेशील तितकं नाक ते जास्त मागणार."

ताईने टेबलाखालच्या मातीच्या बरणीकडे बघितले. "म्हणजे मी ह्याला खमिरासारखं रोज खाऊ घालत होते. तळ दिसू दिला नाही, म्हणून वाढतच गेलं."

मग तिने वाकून तराजूखालचा कागद ओढून काढला आणि ॲप्रनवर पसरून सरळ केला. तराजू पुन्हा डुगडुगायला लागला.

त्याच दिवशी काकू ताईला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी नाक तपासले आणि सांगितले की असे पुष्कळांचे होते, लाजण्यासारखे त्यात काही नाही. एका नाकपुडीत फवारा आधी बंद करायचा आणि ती मोकळी झाली की दुसरीत. सोबत त्यांनी सूज उतरवणारे वेगळे औषध दिले, आणि मिठाच्या पाण्याचा तयार फवारा. ते ऐकल्यावर माझ्या शेजारच्या बरणीने जी मान ताठ केली, ती अजून वाकलेली नाही.

पुढचे दिवस सोपे नव्हते. ताईला तोंडाने श्वास घ्यावा लागे. नीट झोप लागत नसे. कितीदा तिचा हात फळीपर्यंत आला आणि मूठ आवळून परत गेला. मित्रांनो, मला कुणी न उचलल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

पण भट्टीचे काय? ताईने मागच्या खोलीतून वेताची खुर्ची आणली आणि तिच्या जुन्या जागी ठेवली.

"बाबा, तुमचं वचन मोडा."

"कोणतं गं?"

"नाक खुपसा."

आजोबा खुर्चीत असे बसले जणू राजाच सिंहासनावर बसला. पाव आत गेला. त्यांनी डोळे मिटले. काही वेळाने म्हणाले, "अजून नाही." मग, "थांब." मग एकदम हात वर करून, "आता!" ताईने फावडे ओढले. पाव निघाला तो सोन्याच्या रंगाचा. परत गेलेली गिऱ्हाइके एकेक करून पुन्हा येऊ लागली. बेकरीत ताईचे हात आणि आजोबांचे नाक, असा जोडीने कारभार सुरू झाला.

ताईचा श्वास मोकळा झाला, पण वास काही येईना. ती तसे बोलून दाखवत नसे. रोज सकाळी ती खमिराच्या बरणीचे झाकण उघडून तोंड आत घाले, आणि झाकण पुन्हा लावे. आजोबा न बघताही ते बघत.

एके सकाळी ती गल्ल्यापाशी काच पुसत उभी होती. भट्टीकडे तिची पाठ होती. पुसता पुसता तिचा हात थांबला. तिने मान वर केली.

"आता!" आजोबा म्हणाले.

"आता!" त्याच क्षणी ताईही म्हणाली.

मग ताई धावली, पाव बाहेर ओढला, आणि तो तसाच सोडून आजोबांच्या गळ्यात पडली. "आला बाबा, मला आला! भाजक्या दाण्यांसारखा!" ती रडत होती आणि आजोबा तिच्या पिठाने माखलेल्या पाठीवर थोपटत म्हणत होते, "कळलं मला, कळलं."

मित्रांनो, बाकीच्या बाटल्या काकू घेऊन गेल्या. मी मात्र ताईच्या हट्टाने वरच्या फळीवर राहिले, आठवण म्हणून. आता माझी मुदत संपत आली आहे. जुन्या औषधांसाठी काकूंनी दुकानात एक डबा ठेवला आहे. उद्या ताई मला तिथे पोचवणार आहे. म्हणून जाता जाता तुमच्याशी बोलून घेते.

माझ्यावर रागावू नका. सर्दीने जीव मेटाकुटीला आला असेल तर मोठ्यांनी मला जरूर बोलवावे. पण मी पाहुणी आहे. मला तीन दिवस ठेवून घ्यावे आणि निरोप द्यावा. मला कुणाला उसनी देऊ नये. ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचा त्रास आहे, ज्या आई होणार आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि बाळांनो, तुम्ही मला हात लावू नका. मी दिसते खेळण्यासारखी, पण खेळणे नाही. तुमच्या घरात कुणाच्या उशीपाशी माझी एखादी बहीण रोज रोज दिसली, तर जवळ बसून विचारा, "अजून लागते का हो ही तुम्हाला?" रागावून नका विचारू. मायेने विचारा, म्हणजे त्यांना दुसऱ्या दुकानात जावेसे वाटणार नाही.

आता आजोबा खुर्चीत येऊन बसले आहेत. ताई पाव आत सारते आहे. माझे सगळे आयुष्य नाकांसाठी गेले, पण मला स्वतःला नाक नाही. पावाचा वास कसा असतो ते मला कधीच कळणार नाही. मी आपली त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत बसते, आणि ते दोघे एकदम "आता!" म्हणाले, की मलाही कळते, पाव झाला.